वाक्य नंबर तेवीस

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. टेकाळे सर अजून जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, रोज सकाळी कळमनुरीच्या रस्त्यानं फिरायला जातात असं ऐकते. त्यामुळं मला मोकळीक आहे.

बत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं, असं त्यांच्या निरोपाच्या मानपत्रात छापलं होतं. साफ खोटं. बत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ शिकवला. जूनमध्ये सुरू करायचे, मार्चपर्यंत तोच, पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून. आठवीला तोच, नववीला तोच. दहावीला पोरं कशी पास व्हायची ते मला विचारू नका. त्या काळातल्या परीक्षा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ठाऊक आहे.

मी त्या शाळेत लागले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायची होती, सगळं परभणीहून चालायचं. कळमनुरी तालुक्यातलं गाव, खासगी संस्था, पत्र्याच्या आठ खोल्या. मला गणित मिळालं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक आकाशी सफारी घातलेला माणूस इंग्रजी पेपर तोंडासमोर धरून बसला होता. खिशाला तीन पेन. मी नमस्कार केला तर पेपर खाली न करता म्हणाला, "गुड मॉर्निंग." दुपारचे अडीच वाजले होते. मला वाटलं, केवढा विद्वान माणूस आहे. आठवड्यानं लक्षात आलं की पेपर रोज तोच असतो. बँकेतून रद्दीतला एक आणला की तो महिनाभर पुरायचा. तीन पेनांतलं फक्त लाल चालायचं.

संस्थेच्या अध्यक्षांचे ते साडू. म्हणजे त्यांना कोणी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. हेडमास्तर त्यांच्या तासाला व्हरांड्यातून जातानासुद्धा चप्पल वाजवत नसत.

त्यांची शिकवायची पद्धत मात्र त्यांची स्वतःची होती, ती जगात दुसरीकडं नसेल. वर्गात चाळीस पोरं असली तर फळ्यावर चाळीस वाक्यं. हजेरी नंबर एकला पहिलं वाक्य, दोनला दुसरं. नंबर एक, द सन राइजेस इन द ईस्ट. नंबर सात, फिश लिव्ह इन वॉटर. नंबर अकरा, बर्ड्स फ्लाय. चोवीस, काऊ गिव्हज मिल्क. ज्याला जे वाक्य मिळालं ते त्याचं. वर्षभर तेवढंच पाठ करायचं, दुसऱ्याच्या वाक्याशी देणंघेणं नाही. तास सुरू झाला की सर टेबलावर पट्टी आपटायचे आणि वाक्यं पळायला लागायची. मागच्याचं वाक्य संपलं की आपण उठायचं, आपलं म्हणायचं, खाली बसायचं. याला ते साखळी म्हणायचे. साखळी तुटली तर पट्टी हातावर पडायची. एखादं पोरगं गैरहजर असलं तर त्याचं वाक्य सर स्वतः म्हणायचे, म्हणजे पुढच्याला आपली पाळी कळायची. चाळीसच्या चाळीस वाक्यं त्यांना झोपेतसुद्धा आली असती. त्यापलीकडं त्यांना काय येत होतं, हे मला चौदा वर्षांत कळलं नाही.

मी एकदा विचारलं होतं, "सर, बाकीचे काळ कधी घेणार?" तर पेपरामागून आवाज आला, "बाई, एक काळ पक्का झाला की बाकीचे आपोआप येतात." कुठून येतात आणि कोणत्या एसटीनं, ते काही सांगितलं नाही.

गावात मात्र काय मान! लोकांनी पोरांना वाक्यांची नावं पाडली होती. कंडक्टर झालेला एक जण सगळ्या रूटवर 'फिश लिव्ह' म्हणून प्रसिद्ध होता. दोन भावांत भांडण लागलं की थोरला म्हणायचा, तुझं वाक्य तर चार शब्दांचं, माझं सहाचं. एका पोराच्या सोयरिकीला पाहुणे आले तर पोराच्या मामानं अभिमानानं सांगितलं होतं की आमच्या पोराकडं वाक्य नंबर एक होतं.

एकदा कालव्याच्या कामावर दक्षिणेकडचा एक इंजिनीयर आला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. शेतातून पाट न्यायचा की नाही यावरून लोकांचं त्याच्याशी वाजलं. सरपंच म्हणाले, बोलवा टेकाळे सरांना, आपला माणूस काहून मागं राहील. सर सफारी घालून आले. साहेबासमोर खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले. द सन राइजेस इन द ईस्ट. फार्मर वर्क्स इन द फील्ड. फिश लिव्ह इन वॉटर. साहेब आधी हसला, मग गप्प झाला, मग येस येस म्हणत मान हलवायला लागला, शेवटी त्यानं चहा मागवला. पाट जायचा तिथूनच गेला. पण गावात आजही सांगतात की सरांनी सायबाला बोलू दिलं नाही. ते बाकी खरं आहे.

आता रुखमिणीचं सांगते. तिच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसले.

मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी. बाप ग्यानबा आठ महिने कळप घेऊन फिरायचा, ही आत्याकडं राहून शिकायची. नववीला माझा वर्ग, त्यामुळं जूनमध्ये ग्यानबा मलाच भेटायला आला होता. घोंगडं दाराबाहेर ठेवून आत आला आणि उभ्याउभ्याच बोलला. पोरगी शिकून राहिली तर शिकू द्या, पण एकदा का नापास झाली की मी तिला घेऊन जाणार, तिची सोयरीक सांगून आलीय. मी म्हटलं, ग्यानबा, ही पास होणार. माझा शब्द घ्या. अशी छाती पुढं काढून म्हटलं होतं. आठवलं की अजून कसंतरी होतं.

रुखमिणीचा हजेरी नंबर तेवीस. वाक्य, माय फादर गोज टू ऑफिस. पहिल्याच दिवशी ती उठून म्हणाली की सर, माझा बाप हापिसात जात न्हाई. वर्ग हसला. सर म्हणाले, वाक्य म्हणजे वाक्य, तुझ्या बापाचं कोण इचारून राहिलं? ती खाली बसली. पण पोरगी विसरणाऱ्यातली नव्हती. दुपारच्या सुट्टीत माझ्याकडं आली आणि विचारलं, बाई, मेंढरांला इंग्रजीत काय म्हणतात? माझं इंग्रजी काय, बी.एड.पुरतं. पण माझ्याकडं कॉलेजातली डिक्शनरी होती, ती काढून बघितलं. शीप. ती म्हणाली, एकाला बी शीप अन् शंभराला बी शीप? मग आमच्या बाला सोपं आहे. मग रोज यायला लागली. राखणं काय, चालणं काय, ओळखणं काय. मी शब्द शोधून द्यायची, ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. मला मजा वाटायची. आगीत आपण लाकूड सारतोय हे कळायला अक्कल लागते.

जानेवारीत परभणीहून तपासणी आली. टेकाळे सरांचा तास दरवर्षी साहेबांना दाखवायला ठेवलेलाच असायचा. साखळी ऐकून साहेब लोक खूश होऊन जायचे. चाळीस पोरं, चाळीस इंग्रजी वाक्यं, एक अडखळत नाही. आम्ही सगळे मागं भिंतीला लागून उभे होतो. त्या दिवशी सरांना जरा जास्तच चढलं. साखळीआधी त्यांनी साहेबांकडं बघत समजावून सांगितलं, की मुलांनो, साधा वर्तमानकाळ म्हणजे जे रोज घडतं, जे नेहमी खरं असतं ते. मग पट्टी आपटली.

द सन राइजेस इन द ईस्टपासून साखळी सुटली. बाविसावा बसला. रुखमिण उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "माय फादर कीप्स शीप. ही वॉक्स ऑल डे."

आणि बसली.

चोविसावा दिगंबर. त्यानं आजवर ऑफिस हा शब्द ऐकून उठायचं एवढंच केलं होतं. ऑफिस आलंच नाही. तो तोंड उघडं टाकून बसून राहिला. साहेब म्हणाले, नेक्स्ट. कोणी उठेना. चोवीस उठला नाही म्हणून पंचवीस उठला नाही, पंचवीस नाही म्हणून सव्वीस नाही. सतरा पोरं खाली मान घालून बसली. मग साहेबांना शंका आली. त्यांनी नंबर सातला उभं करून विचारलं, सूर्य कुठं उगवतो ते इंग्रजीत सांग. सात म्हणाला, ते माझं न्हाई सर, ते एक नंबरचं हाय.

साहेब पोट धरून हसले. तेही मागं वळून, आमच्या सगळ्यांसमोर. मग तपासणीच्या वहीत लाल शाईत चार ओळी लिहिल्या. जाताना ते रुखमिणीच्या बाकाजवळ थांबले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटतं, तो हातच तिला भोवला.

मी तिला नंतर रागावले. अगं, असं काहून केलंस? तिला माझ्या रागाचं नवल वाटलं. म्हणाली, सरच म्हणले ना, रोज घडतंय ते अन् खरं असतंय ते. मी खोटं कसं सांगू? बत्तीस वर्षांत टेकाळे सरांचं एक वाक्य एका पोरीनं समजून घेतलं, ते हे असं.

सर दोन दिवस शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पेपर न घेता आले. रुखमिणीला काही बोलले नाहीत, पट्टीही मारली नाही. साखळीत फक्त तिचं ते ऑफिसचं वाक्य स्वतः म्हणायला लागले, ती समोर बसलेली असताना. हजर पोरीला गैरहजर करून टाकलं. मी हे दारातून बघत होते. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. क्षुद्र माणसाचा राग उतरत नाही, तो फक्त खाली बसतो.

एप्रिलमध्ये निकाल लागायच्या आधी गुणांच्या याद्या माझ्याकडं आल्या. सगळा वर्ग इंग्रजीत पास, अगदी स्वतःचं नाव उलटं लिहिणारासुद्धा. रुखमिण, अठ्ठावीस. पासाला पस्तीस लागतात. बाकी विषयांत ती पहिल्या पाचात होती. मी कपाट उघडून तिचा पेपर काढला. निबंध होता, माय फादर. सरांच्या वहीत तो होता, माझे वडील कारकून आहेत, पांढरा शर्ट घालतात, ऑफिसला जातात, असा. सगळ्यांनी तोच उतरवला होता. हिनं आठ ओळी लिहिल्या होत्या. माझा बाप मेंढरं राखतो. तो दिवसभर चालतो. तो मेंढरांजवळ झोपतो. त्याला सगळी मेंढरं ओळखू येतात. त्याला त्याचं वय माहीत नाही. सगळं इंग्रजीत, सगळं सरळ, माझ्या डिक्शनरीतले शब्द एकापुढं एक लावून. त्यावर लाल रेघ आडवी मारलेली आणि खाली शेरा, वहीप्रमाणे नाही. दहापैकी शून्य.

मी पेपर घेऊन त्यांच्याकडं गेले. आवाज चढलाच माझा. म्हटलं, सर, यात चूक दाखवा. एक चूक दाखवा. त्यांनी पेपराकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तुमचा विषय गणित," ते म्हणाले. "बेरीज बघा. बेरीज बराबर हाय का?"

बेरीज बराबर होती.

हेडमास्तरांकडं गेले. त्यांनी दार लावून घेतलं. समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुमच्या नोकरीच्या मान्यतेची फाइल संस्थेत पडून आहे, शनिवारी परभणीला जायचीय, अध्यक्षांची सही बाकी आहे.   माझ्या घरी म्हातारे सासू-सासरे होते, नवऱ्याचं दुकान चालत नव्हतं, हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आणि निकालपत्रावर वर्गशिक्षिकेच्या जागी सही केली. शनिवारी फाइल गेली.

ग्यानबा दाखला न्यायला आला तेव्हा मी वर्गात तास लांबवत बसले. शिपाई दोनदा बोलवायला आला. मी म्हटलं, उदाहरण अर्धं आहे.

पाच-सहा वर्षांनी कळमनुरीच्या बाजारात ती दिसली. कमरेवर लेकरू, एका हातात दोन करडांच्या दोऱ्या. मी तोंड चुकवणार होते, पण तिनंच हाक मारली. बाई, बरं हाय का? सासरचं पुसेगावकडचं सांगितलं, दोन पोरी असल्याचं सांगितलं. तक्रार काही केली नाही. निघताना म्हणाली, "बाई, एक इचारू का? माझं वाक्य बराबर व्हतं का?"

"बराबर होतं गं," मी म्हटलं.

"मंग सरांला कळलं नसंल," ती म्हणाली. तेवढ्यात करडांनी दोऱ्या ओढल्या आणि ती त्यांच्यामागं गेली.

हे मला पटलं. खरं तर बरं वाटलं. टेकाळे सरांना चाळीस वाक्यांपलीकडं काही येत नाही, तिचं वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेलं, वहीत नाही म्हणून चूक ठरवलं. अडाणी माणूस, दुसरं काय. त्या एका समजुतीवर मी पुढची वर्षं त्यांच्याशेजारी बसून डबा खाल्ला.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. हिंगोली जिल्हा होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मांडव, लाउडस्पीकर, शाल, नारळ, ते मानपत्र. कार्यक्रम ठेवला होता नेमका त्या नववीच्या पोरांनी, कारण दिगंबर आता कापडाच्या दुकानाचा मालक होता आणि त्याला पुढंपुढं करायची हौस होती. भाषणं झाली. मग दिगंबरनं माइकवर जाहीर केलं की सरांना आगळीवेगळी गुरुदक्षिणा द्यायची आहे. त्या वर्गाची पोरं, आता तिशीकडं आलेली, मिशांची, पोट सुटलेली, हजेरी नंबरानं रांगेत उभी राहिली. सरांच्या हातात पट्टी दिली. सरांनी टेबलावर आपटली.

द सन राइजेस इन द ईस्ट. लोक टाळ्या वाजवायला लागले. वाक्यं पळायला लागली, काय सांगू, एकाचं अडलं नाही. अकरा नंबर पुण्याला कंपनीत होता, आला नव्हता. जरा थांबलं. सरांनी माइक ओढला आणि बर्ड्स फ्लाय म्हणाले. मांडव हसला, पुन्हा टाळ्या. साखळी पुढं गेली. वीस. एकवीस. बावीस.

बाविसाव्याच्या शेजारी जागा मोकळी होती.

सरांनी माइक तोंडाजवळ घेतला. सवयीनं घेतला, बत्तीस वर्षांची सवय. कुठंही न अडखळता ते म्हणाले, "माय फादर कीप्स शीप. ही वॉक्स ऑल डे."

आणि थांबले. माइकची घरघर ऐकू यायला लागली. हार घातलेला तो माणूस स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते ऐकत उभा होता. दिगंबर या वेळी अडला नाही. त्यानं मोठ्यानं काऊ गिव्हज मिल्क म्हटलं आणि साखळी चाळीसपर्यंत सुरळीत गेली. मांडवात कोणाच्या काही लक्षात आलं नाही. हेडमास्तर टाळ्या वाजवत होते.

अकरा वर्षं त्यांना ते पाठ होतं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं की ते वाक्य बरोबर आहे, आपल्या चाळिसांहून चांगलं आहे, आणि आपल्या वर्गात कोणीतरी पहिल्यांदा इंग्रजी बोललंय. अडाणी माणसाला मी माफ केलं असतं. हा अडाणी नव्हता. यानं समजून, उमजून, लाल पेन हातात घेऊन शून्य दिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना जीपमध्ये बसवलं. मी मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं की आज चारचौघांत विचारायचंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरच्या नारळाकडं बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमाला बी ठाऊक व्हतं."

जीप निघून गेली. घरी येऊन मी तोंड धुतलं, चहा ठेवला, आणि मग चुलीपुढंच बसून राहिले. ते निकालपत्र शाळेच्या कपाटात अजून असेल. त्यावर रुखमिणीच्या नावापुढं अठ्ठावीस आहेत, आणि खाली सही माझी आहे.